घासलेली गोटी

सिलिंडर हेडचे बाकीचे नट सुटले होते. धुराच्या नळीजवळचा एक तेवढा हटून बसला होता, आणि त्याच्यावरून पान्याची गोटी, नटावर टोपीसारखी बसणारी, आत्ताच घसरली होती.

सूनबाईनं बोटांच्या सालट्यांकडे बघितलंच नाही, आधी नट बघितला. कोपरे बोथटले होते. आणखी एकदा घसरली, की नट गोल. मग छिन्नी. आणि छिन्नीच्या घावानं बोल्ट ब्लॉकमध्येच तुटला, तर इंजिन कायमचं गेलं. एवढ्या जुन्या गाडीचा ब्लॉक आणायचा कुठून?

"काय झालं?" खुर्चीतून सासऱ्यांनी विचारलं.

"घसरली, बाबा."

"हात वाकडा धरला असशील."

सासऱ्यांना सगळे बडे मेस्त्री म्हणत. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस. पण आजारपणानंतर हात थरथरायला लागले, डोळ्यांवर जाळं आलं. मुलाला तेलाच्या वासानं मळमळायचं, तो कापडाच्या दुकानात लागला. डबा घेऊन येणाऱ्या सुनेनं आधी बॅटरी धरली, मग पाने हातात द्यायला लागली, आणि एक दिवस स्वतःच गाडीखाली शिरली. शेजारचा वेल्डर म्हणायचा, "मेस्त्रींनी सून आणली नाही, हो, चालता-बोलता पाना आणला." मेस्त्री गालात हसायचे. पण त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेला इंची गोट्यांचा संच मात्र ते स्वतः काढून देत आणि स्वतः परत ठेवत. त्यातल्या प्रत्येक गोटीच्या तोंडाशी उस्तादांनी पंचनं खूण ठोकलेली होती.

"दांड्याला पाइप लाव," ते म्हणाले. "जोर कमी पडतोय."

"जोरानं कोपरे जातील."

"नवीन सेटमधली बसत नाही का?" गाडीचे मालक दाराशी उभे होते. चित्रकलेचे मास्तर, वडिलांची गाडी, सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

"एक चढत नाही, दुसरी डगडगते. मिलिमीटरच्या आहेत त्या."

"आयुष्यभर पोरांना परीक्षेला घाबरवलं," मास्तर पुटपुटले, "त्याचं फळ आहे हे."



सूनबाईनं गोटी उजेडाकडे धरली. तोंडाची कड मुळातच आतून उतरती, त्यात इतक्या वर्षांची झीज. नट बुटका, नेमका त्या झिजलेल्या कडेतच अडकत होता. आत मात्र कोपरे कालच घडवल्यासारखे टोकदार. तोंडाची कड ग्राइंडरवर घासून सपाट केली, तर आतलं चांगलं लोखंड नटाला धरेल. पण खूण जाईल. हे बोलायचं कसं? देवा, शब्द तूच दे, असं मनात म्हणून ती बोलली.

"बाबा, गोटीचं तोंड झिजलंय. आत ठणठणीत आहे. कड घासावी लागेल."

खुर्ची करकरली.

"कुणाची गोटी आहे ती, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"सरक तिकडे. मी काढतो."

ते आले, बॉनेटच्या कडेला रेलले. तिनं गोटी दांड्याला लावून त्यांच्या हातात दिली. गोटी नटावर ठेवली मात्र, आणि त्यांच्या हाताच्या थरथरीनं ती लोखंडावर वाजायला लागली. टकटकटकटक. सूनबाई खाली वाकून फडकं शोधायला लागली. फडकं तिच्या खांद्यावरच होतं.

टकटक थांबली. त्यांनी दांडा तिच्याकडे परत केला.

"घास," मेस्त्री म्हणाले. "पण पाण्यात बुडवत बुडवत. तापली तर लोखंडाचं पाणी उतरून ते मऊ पडेल."

ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या उडाल्या. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायची, बोटानं चाचपायची, परत घासायचं. खूण अर्धी गेली, मग सगळीच गेली. मेस्त्री पाठ करून उभे होते.

कडेचा उतार गेल्यानं आता गोटी नटावर सहज बसेना. तिनं लाकडी हातोडीनं हळूच ठोकली, तशी ती गच्च बसली.

"आधी आवळ," मागून आवाज आला. "केसभर. मग उलट. झटका नको."

तिनं आवळलं. मग दोन्ही हातांनी दांडा धरून उलट ओढला. काही नाही. आणखी ओढला. पाय घसरायला लागले.

कडाक्!

मास्तर मटकन टायरवर बसले. "तुटला?"

सूनबाईनं दांडा तसाच धरून ठेवला. गंज सोडतानाही असाच आवाज होतो आणि बोल्ट तुटतानाही असाच.

"रडायला वेळ आहे," मेस्त्री म्हणाले. "हातानं फिरव. मोकळा गरगरतोय की अडत येतोय?"

तिनं डोळे मिटले आणि चिमटीत धरून गोटी फिरवली. थोडी फिरली, अडली. परत फिरवली. आत काहीतरी कुरकुरलं, तांबूस भुकटी खाली पडली.

"अडत येतोय, बाबा. आटे धरतायत."

"मग बोल्ट शाबूत आहे. काढ."

नट निघाला. तिनं तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला.

"कोपऱ्यांची पार वाट लावलीस की गं."

"तुमच्या गोटीनं लावली."

मास्तर खो खो हसले, मग चष्मा काढून पुसत बसले.

"नंतर पुसा, मास्तर," मेस्त्री म्हणाले. "हेड उचलायचंय. ती बाजू धरा. आणि सरळ वर उचला, सूनबाई सांगेल तसं."