वाफेतली वीज आणि अप्पांचा धीर

शांतलिंगअप्पांची पहिली भेट झाली ती आमच्या फजितीच्या दिवशी. वीज गेल्यानं तामलवाडीतल्या आमच्या महिला खवा संघाची शीतखोली बंद पडली होती आणि आंबलेला खवा आम्ही बाहेर काढत होतो. साखर कारखान्यात बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले अप्पा उमरग्याहून लेकीकडे आले होते आणि पेढ्यासाठी खवा घ्यायला आमच्याकडे डोकावले. खवा राहिला बाजूला, ते दुधाच्या कढईला वाफ पुरवणारा आमचा बॉयलरच न्याहाळत बसले. म्हणाले, "एवढी वाफ घरात हाय, अन् तुम्ही अंधारात का बसलाव?"

त्यांचं म्हणणं सोपं होतं. वाफ आधी टर्बाइनच्या छोट्या चक्रातून सोडून वीज करायची, मग तीच वाफ कढईखाली सोडून दूध आटवायचं. एका जळणात दोन कामं. पण ते कुणाच्या गळी उतरेना. बँकेला यंत्र कळेना, वीज कचेरीला एवढ्या लहान कामासाठी नियम सापडेना. अप्पा हेलपाटे घालत राहिले. संघाची सचिव म्हणून मी सोबत असायची आणि परतताना एसटीत चिडचिड करायची. ते शांतपणे शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवायचे.

खरी अडचण मात्र घरातच निघाली. अखेर कर्ज आणि परवानगी मिळून यंत्र बसलं आणि आमच्या अध्यक्ष गंगूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अप्पा, साय काढलेल्या दुधाचा कधी चांगला खवा झालाय का? मग लाईट काढून घेतलेल्या वाफंत काय ऱ्हातंय?"

मला हसू फुटलं. अप्पा हसले नाहीत. यंत्राला वगळून वाफ थेट कढईकडे नेणारी जुनी नळी त्यांनी तशीच ठेवली आणि तिची चावी गंगूबाईंच्या ताब्यात दिली. "मन न्हाय भरलं तर फिरवा."

गंगूबाईंनी ती मनसोक्त फिरवली. ऐन लग्नसराईत यंत्र नुसतं शोभेला उभं होतं. अप्पा मात्र येत राहिले, कढईशेजारी बसून दोन्ही वाफांचा खवा बायकांसोबत चाखत राहिले. हळूहळू गंगूबाईंचा हात चावीकडे जाईनासा झाला.

माझी आई उमरग्याच्या दवाखान्यात होती, तेव्हा दुखण्यात ती फक्त माहेरची कन्नड बोलायची आणि मला ती धड येत नव्हती. अप्पा रोज डबा घेऊन यायचे, तिच्याशी तासन्‌तास कन्नडमध्ये बोलायचे. ते उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

आज वीज गेली तरी आमची शीतखोली चालू असते. बाहेरगावचे लोक बघायला येतात, वाहवा करतात आणि निघताना म्हणतात, "आमच्याकडं असे अप्पा कुठं हायत?" परवा तेर गावच्या मंडळींकडून हेच ऐकून अप्पांचा चेहरा उतरला. "म्हंजे हे माझ्यासंगंच संपणार का गं?" त्यांनी मला विचारलं.

गंगूबाई पदर खोचत उठल्या. "अप्पा, तुम्ही बसा. तेरला म्या जाते. बायांच्या मनात काय येतंय, ते मला ठावं हाय." आणि त्या खरोखरच गेल्या.

अप्पा, आज तुम्ही पंचाहत्तर वर्षांचे झालात; यापुढेही तुम्हांला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्यात यंत्राचं काही विचारायला तुमच्याकडे कुणाला यावंच लागू नये. लोकांनी यावं, ते नुसतं तुम्हांला भेटायला.