तिला बोलू द्या

"तुम्ही गप ऱ्हा. तिला बोलू द्या."

ती म्हणजे गाडी. गिऱ्हाइकाने तोंड उघडलं रे उघडलं की मिस्त्री हात वर करून त्याला असा गप्प करायचा. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं आणि भिंतीला भिंत लागून माझं सीट कव्हर शिवायचं दुकान. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे, मनात कधीच केलं नाही.

कान मात्र खरा होता, खोटं कशाला बोलू. जुन्या गाड्यांच्या इंजिनात माथ्यावर एक दांडा फिरतो, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. त्याचे उंचवटे झिजले की टकटक सुरू होते. बाकीचे मिस्त्री अर्धं इंजिन उघडून बसायचे, हा नुसता ऐकून सांगायचा. आणि मग गिऱ्हाइकाची सालटी काढायचा. "ही गाडी हाय का भांडीबाजार? तेल काय लग्नात बदललं होतं?" बघे खदाखदा हसायचे. मीही हसायचे, माझी पाळी येईपर्यंत. एकदा चार माणसांत माझी शिलाई बघून म्हणाला, ताई, तुम्ही गोधड्या शिवा, लोकांच्या गाड्या कशाला नासवता.

सगळ्यात जास्त यायचं ते मिस्त्रीच्या धाकट्या भावाच्या वाट्याला. चाळिशीला आला तरी तो दादाच्याच हाताखाली. मिस्त्री त्याची मान धरून कान स्क्रू-ड्रायव्हरला लावायचा आणि गिऱ्हाइकांदेखत विचारायचा, सांग, काय वाजतंय? भाऊ चाचरायचा. "कान हायत का भजी?" हे ठरलेलं. एकदा भावाची बायको डबा घेऊन आली होती, तिच्यासमोरही तेच झालं. डबा तसाच परत गेला. थोड्याच दिवसांत भावाने रस्त्यापलीकडे स्वतःचं गॅरेज टाकलं.

पुढे मिस्त्रीचा कान जाऊ लागला. गल्लीत हे आधी मला कळलं, कारण माझ्या मशीनच्या खडखडाटाला तो रोज शिव्या घालायचा, त्या बंद झाल्या. गिऱ्हाइकाला गप्प करणंही बंद झालं. उलट "तुम्हीच सांगा, कसं वाजतंय," असं म्हणून त्याच्या ओठांकडे टक लावून बघायचा. ओठ वाचून झाले की तोच थाट, स्क्रू-ड्रायव्हर कानाशी, डोळे मिटलेले. हे बाहेर फुटलं तर एक गाडी दारात येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी कुठे बोलले नाही. दया वगैरे काही नाही, मला तो उघडा पडताना बघायचा होता.

भावालाही कळलंच. जन्मभर दादाच्या तोंडाकडे बघत जगलेला माणूस तो.

देवळाली कॅम्पच्या एका रिटायर सुभेदारांची जुनी गाडी भावाकडे आली होती. कॅमशाफ्ट झिजलेला. भावाने नवा बसवला, इंजिन अगदी शांत झालं. मग म्हणाला, सुभेदारसाहेब, समोर दादाकडे न्या आणि नुसतं सांगा, टकटक वाजतंय. गल्लीला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, सगळे चहाचे ग्लास घेऊन जमले. मी मशीन थांबवलं.

सुभेदार सांगितल्याप्रमाणे बोलले. मिस्त्रीने ओठ बघितले, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकल्यासारखं केलं. "कॅम गेलाय. लय वाजतोय. गाडी सोडून जा."

गल्ली फुटली हसून. त्याने डोळे उघडले. त्याला वाटलं, नेहमीसारखे सुभेदारांनाच हसतायत. तोही हसला आणि म्हणाला, "ही गाडी हाय का भांडीबाजार?" मग तर लोकांना उभं राहवेना. माझं हसू मात्र तिथेच थांबलं. इतक्या वर्षांनी ह्या माणसाची कीव यावी याचा मला रागही आला.

भाऊ पुढे आला. डिकीतून जुना झिजलेला कॅमशाफ्ट काढून त्याने दादाच्या हातात ठेवला आणि चालू इंजिनाकडे बोट केलं. मिस्त्रीने उंचवट्यांवरून अंगठा फिरवला. एका झिजलेल्या उंचवट्यावर तो थांबला. सगळ्यांच्या तोंडाकडे त्याने एकदा बघून घेतलं. मग स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून त्याने इंजिनावर तळवा टेकवला.

"तू बसवला?"

भावाने मान हलवली.

"वाजत नाय ना आता?"

उभ्या आयुष्यात त्याने भावाला पहिल्यांदाच खरं काही विचारलं होतं, आणि तेही कानाने ऐकायचं. दादा ओठ वाचतो हे भावाला माहीत होतं. तो वळला, दादाकडे पाठ केली आणि मग स्पष्ट, मोठ्याने म्हणाला, "नाही वाजत, दादा."

गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं.

मिस्त्री आता नांदगावला मुलीकडे असतो, गॅरेजला कुलूप आहे. मला तो आठवतो तो त्या दुपारचा. तळवा इंजिनावर, नजर भावाच्या पाठीवर, उत्तराची वाट बघत उभा.