न सुटलेल्या गोष्टींचा तास

एखादं मूल बोलायला फळ्यापाशी उभं राहिलं, की बाई खुर्ची सोडायच्या, बाकांमधून चालत थेट मागच्या भिंतीपर्यंत जायच्या आणि शेवटच्या बाकावर बसून कानामागे हात धरायच्या. मूल कितीही जोरात बोलो, बाईंचं आपलं एकच. "मले ऐकू येऊन नाही राह्यलं." कान चांगले होते त्यांचे. आम्ही शिक्षक त्यांच्या पातळ चहाबद्दल कुजबुजलो, तर पलीकडच्या वर्गातून त्यांचं उत्तर यायचं.

उटनूर आणि नार्नूरच्या मधे आमची शाळा होती. तेव्हा आंध्र प्रदेश होतं. वरून येणारे कागद तेलुगूत असत, आमचे वर्ग मराठीत. मी गणित शिकवायचो, बाई समाजशास्त्र. त्या मूळच्या मावला गावच्या. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबलेले, आणि घरात पहिली शिकलेली ही मुलगी. अंगानं बुटक्या, चालायला भरभर, आणि पर्समध्ये कायम भाजलेल्या शेंगा. रागावल्या की आधी एक शेंग फोडायच्या, मग बोलायच्या. तेवढ्यात राग बराचसा उतरलेला असे.

शनिवारचा शेवटचा तास त्यांनी स्वतःच्या डोक्यानं सुरू केला होता. मुलं त्याला 'न सुटलेल्या गोष्टींचा तास' म्हणत. जिचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही अशी एक गोष्ट शोधून आणायची आणि वर्गासमोर अशी सांगायची, की कुणी खिडकीबाहेर बघता कामा नये. एका मुलीनं तिच्या मामाची हरवलेली म्हैस आणली होती. म्हैस आपणहून परत आली, पण गळ्यात घंटा दुसऱ्याच कुणाची होती. खरं सांगतो, ती घंटा मला अजून छळते.

मी एकदा बाईंना म्हटलं, "उत्तर नसलेला प्रश्न मी पेपरात घातला, तर पोरं मला गावात राहू देणार नाहीत."

त्या हसल्या. "सर, तुमाले उत्तर माहीत असते म्हणून पोरं तुमाले भितात. माह्या तासाले मी बी त्यांच्याएवढीच अडाणी. फक्त माहीत नाही म्हणतानी मान खाली घालाची नाही, एवढंच शिकवतो मी."

नववीतल्या सुनंदानं एका शनिवारी नाल्यापलीकडची जुनी वस्ती आणली.

ही वस्ती आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. पडक्या भिंती, आत सागाची झाडं उगवलेली. निजामाच्या काळात कधीतरी तिथली सगळी माणसं एकाच वेळी उठून निघून गेली होती. का, ते कुणाला सांगता येत नव्हतं. पण गावानं एक कारण धरून ठेवलं होतं. वस्तीतल्या एका बाईनं करणी केली, म्हणून वस्ती उठली. त्या बाईची लेक तेव्हा कडेवरची होती; आई लवकर वारली, त्यामुळे तिलाही काही ठाऊक नव्हतं. पुढे ती आमच्याच गावात लग्न होऊन आली, म्हातारी झाली, आणि आईवरचा आळ तिच्यामागे चालत आला. बारशाला, हळदीला तिला कुणी बोलवत नसे. सुनंदा तिची नात.

मला काळजी वाटली. "बाई, हा विषय नको. गाव पेटेल."

बाईंनी शेंग फोडली. "मी नाही देला तिले. तिनंच आणला. आता नको म्हटलं, अन् तिनं काऊन म्हणून इचारलं, तर काय सांगू?"

तयारी मात्र त्यांनी कसून घेतली. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात सुनंदा उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "या वस्तीतले लोक का गेले हे कोणालाच माहीत नाही."

"झालं," मागून बाई म्हणाल्या. "आता आमी काऊन बसावं? घरी जातो." मग उठून तिच्याजवळ आल्या. "पयले आमाले तिथं ने. तू कशी गेली होती? पायात चप्पल होती का? पयले काय दिसलं?"

"जातं दिसलं."

"मंग जात्यापासून सुरू कर ना, बाई."

त्या वेळी शाळेत वर्षअखेरचा कार्यक्रम होता, आणि बाईंनी सुनंदाची गोष्ट त्यातच ठेवली. गावातली माणसं व्हरांड्यासमोरच्या पटांगणात येऊन बसली. बायकांच्या घोळक्यात सुनंदाची आजीही आली. ती बसली तिथे तिच्या भोवती आपोआप मोकळी जागा झाली. बाई सगळ्यांच्या मागे जाऊन बसल्या.

सुनंदानं घरून जातं आणवलं होतं. ते समोर ठेवून तिनं विचारलं, "तुमाले आत्ता घर सोडून पळा लागलं, तर पयले काय उचलसान?"

उत्तरं सुरू झाली. लेकरू. बैल. भाकरीचं टोपलं. एक म्हातारा म्हणाला, "बिड्या," आणि सगळे हसले.

"जातं कोणी उचलसान का?"

"इतकं जड? पळतानी?"

"बरोबर." सुनंदानं दोन्ही हातांनी जात्याचा वरचा दगड काढला, जड होता, तिचा चेहरा लाल झाला. तिनं तो हलकेच बाजूला ठेवला. "जुन्या वस्तीत चार घरांत मले जातं सापडलं. चारीत वरचा दगड असा काढून नीट बाजूले ठेवला आहे. पळणारा माणूस असं ठेवन का? अन् निवांत जाणारा माणूस जातं मागं सोडन का?"

मी पटांगणाकडे पाहिलं. तुम्ही कधी शंभर माणसांना एकाच वेळी विचार करताना पाहिलंय? बिड्यांवाल्या म्हाताऱ्याची बिडी हातातच विझली होती.

मग तिनं एकेक कारण घेतलं. रोगराई असती तर मढी कुठे पुरली? वाघ असता तर ढोरं आधी गेली असती, गोठे तर रिकामे करून, दाराला दगड लावून ठेवलेले. पाणी आटलं म्हणावं, तर नाला अजून वाहतो. प्रत्येक कारणाला कुणीतरी खालून "हो ना" म्हणत होतं. शेवटी ती थांबली, आणि तिचा आवाज किंचित खाली आला.

"अजून एक सांगतात. करणी. मी ज्याले इचारलं, त्यानं दुसऱ्याचं नाव सांगितलं. त्यानं तिसऱ्याचं. फिरून फिरून मी पयल्याच घरी आली. पाह्यलं असं कोणीच म्हटलं नाही."

गावात आबा म्हणून एक वजनदार म्हातारे होते. करणीची गोष्ट सगळ्यांत जास्त त्यांनीच सांगितलेली. ते उठून उभे राहिले. "मंग काऊन गेले लोक? सांग ना!"

सुनंदाची मान ताठ होती. "माहीत नाही, आबा. तुमाले माहीत आहे का?"

आबांनी तोंड उघडलं. इकडे तिकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "नाही, पोरी," आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या नाहीत. माणसं बोलत बोलत घरी गेली, जात्याबद्दलच. आजी मात्र बसूनच राहिली. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिच्या ओंजळीत शेंगा ओतल्या. दोघीही कितीतरी वेळ नुसत्या शेंगा फोडत होत्या.

गाव एका दिवसात बदलत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण त्या उन्हाळ्यात आजीच्या शेजारच्या घरी बारसं झालं, तेव्हा त्या घरची सून स्वतः जाऊन आजीला घेऊन आली. स्वतःची लेकरं वाढवलेली आजी, पण लोकांचं बाळ मांडीवर आल्यावर तिला त्याला धरायचं कसं तेच सुचेना. बाई बाजूला बसून म्हणाल्या, "डोकं धरा, आज्जी, डोकं."

पुढे बाईंची बदली झाली, मग त्या निवृत्त होऊन मावल्याला राहू लागल्या. एकदा त्यांच्या अंगणात बसलो असताना मी विचारलंच, "बाई, तुमचा अंदाज काय? काऊन गेले असतील लोक?"

"आहे एक अंदाज," त्या म्हणाल्या. "पण सांगणार नाही. बाईनं सांगितलं म्हणून तुमी खरं धरसान." आणि चहा करायला आत गेल्या. चहा पातळच होता.

बाई गेल्या तेव्हा मी उशिरा पोचलो. पुण्यानुमोदनाला, म्हणजे बाईंना आदरांजली वाहायच्या दिवशी, मावल्याच्या विहारात बरीच माणसं जमली होती, पांढऱ्या कपड्यांत, चटयांवर. वंदना झाली. मग बोलायला सुनंदा उठली. ती आता स्वतः शिक्षिका झाली आहे. "आमच्या बाई..." एवढं म्हणाली आणि तिला रडू आलं. सगळे खाली मान घालून बसले.

पुढच्या चटईवर आईच्या मांडीत एक लहान मुलगी होती. बाईंना तिनं कधी पाहिलेलंही नसेल. ती सुनंदाकडे टक लावून बघत होती. थोडी वाट बघून ती मोठ्यानं म्हणाली, "मंग?"

विहारात हसू फुटलं. सुनंदाही हसली, पदरानं डोळे पुसले, आणि सांगू लागली.