आप्पांच्या बंदुकीचं काम

सिंगापूरच्या बेडोक भागात आमच्या ब्लॉकखालच्या कारपार्कमध्ये एक पांढरी पिकअप उभी असते. एअरकॉन दुरुस्त करणाऱ्या माणसाची. मागे शिड्या, तांब्याच्या नळ्या, आणि ड्रायव्हरच्या सीटमागे काचेला लागून दोन लोखंडी आकडे, लांब पाइप अडकवायला. आप्पा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा सिंगापूरला आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी मी त्यांना दूध आणायला खाली घेऊन गेले. परत येताना बघते तर आप्पा शेजारी नाहीत. ते त्या पिकअपच्या काचेला नाक लावून उभे. तेवढ्यात मालक आला, साठीचा चिनी माणूस. त्याने विचारलं, अंकल, काय बघताय? आप्पांनी त्या आकड्यांकडे बोट दाखवलं आणि आपल्या इंग्रजीत स्वच्छ विचारलं, "गन व्हेअर?"

माझ्या हातातलं दूध पडायचंच बाकी राहिलं. ज्या देशात सामानात एक रिकामं काडतूस सापडलं तरी माणसाची बोबडी वळते, तिथे माझा बाप भर कारपार्कमध्ये बंदुकीची चौकशी करतोय. तो माणूस आधी माझ्याकडे बघत राहिला, मग हसला. "नो गन, अंकल. ओन्ली एअरकॉन."

मी आप्पांना दंडाला धरून लिफ्टकडे ओढलं. म्हटलं, "आप्पा, तो शब्द इथं तोंडातनं काढायचा नाही."

"मी कुठं मागितली त्याला?" आप्पा म्हणाले. "कुठाय एवढंच इचारलं."

आप्पांची तशी चूक नव्हती. आमचं गाव आजरा-चंदगडच्या बाजूला, डोंगराला टेकून. ऊस, काजू, थोडा भुईमूग, आणि त्या सगळ्यावर डोळा ठेवून बसलेली रानडुकरं. पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळायचा, आणि आप्पांकडे आजोबांपासून आलेली बारा बोअरची एकनळी होती. ती घरात कमी आणि जीपमध्ये जास्त असायची. तालुक्याच्या गॅरेजवाल्याने पुढच्या सीटच्या पाठीमागे दोन आकडे वेल्डिंग करून दिले होते, बंदूक खडखडू नये म्हणून त्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. जीपला दारं नव्हती आणि हूड अर्धं फाटकं, त्यामुळे बंदूक अख्ख्या गावाला दिसायची. दिसली तरी कुणी बघायचं नाही. बाजाराला ती बरोबर, लग्नाला ती बरोबर, मला शाळेत सोडायलासुद्धा ती बरोबर. हेडमास्तर गेटवर यायचे, तिच्याकडे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "आमच्या भुईमुगाकडंपण या की एकदा." वळणावर ती आकड्यातून निसटू नये म्हणून मागे हात करून धरायचं काम माझं. रिकामीच असायची, काडतुसं आप्पांच्या खिशात. पण मी अशी ऐटीत बसायचे, जसा काही तालुक्याचा बंदोबस्त माझ्याकडेच दिलाय.

आप्पांनी डुकरं किती मारली हे मात्र विचारू नका. ते हवेत बार काढायचे, डुकरं शेजाऱ्याच्या शेतात जायची, मग शेजारी त्याची बंदूक काढायचा आणि डुकरं परत आमच्याकडे. असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कुणाची तक्रार नव्हती. डुकरांचीही नसावी.

मग ती बंदूक हळूहळू झाकली गेली. नेमकी कधी, ते सांगता यायचं नाही. आधी डांबरी रस्ता झाला आणि धबधबा बघायला बाहेरची माणसं येऊ लागली. ती जीपजवळ थांबून बंदुकीचे फोटो काढायची, एक जण तर "काका, जरा हातात घेऊ का" म्हणाला. आप्पा ओशाळले. आपल्या खुरप्याचा कुणी फोटो काढत बसलं तर कसं वाटेल, तसं त्यांना वाटलं असणार. मग ठाण्यातला ओळखीचा हवालदार एकदा हळूच म्हणाला, "आप्पा, जरा झाकून आणत जावा. वरनं इचारत्यात." आईने जुन्या रेनकोटची लांब पिशवी शिवली, तोंडाला नाडी लावून. आणि गंमत अशी की पिशवीतली बंदूक लोकांना जास्त दिसायला लागली. उघडी होती तेव्हा कुणाला काही नव्हतं, आता बसस्टँडवर लोक एकमेकांना कोपर मारून दाखवायचे. पुढे डुक्कर मारायचं तर वनखात्याकडे अर्ज, परवानगी, हे ते सुरू झालं. जीप गेली, तिच्या जागी एसीवाली छोटी कार आली. तिच्यात आकडे लावायला जागा नव्हती, आणि लावले असते तर आई त्या गाडीत बसली नसती. बंदूक लोखंडी कपाटात गेली. आजूबाजूच्या गावांतही हेच झालं. एके काळी बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात भिंतीला तीन-तीन बंदुका टेकलेल्या असायच्या आणि मालक आत मिसळ हाणत बसलेले. आता त्या भिंतीवर मोबाइलचे चार्जर लोंबतात.

बंदूक आत गेली तरी बंदुकीचं काम मात्र संपलं नाही. निवडणूक लागली की परवानावाल्याने बंदूक ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की सोडवून आणायची. आणि आमच्याकडे निवडणूक कधी नसते? विधानसभा झाली की झेडपी, झेडपी झाली की ग्रामपंचायत. शिवाय परवान्याचं नूतनीकरण, तपासणी. पाच वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर आप्पा चार वेळा माझ्याकडे आले, आणि चारही वेळा दोन महिने होतात न होतात तोच गावाकडून काहीतरी नोटीस आली. "बंदुकीचं काम हाय, जायाला पाहिजे," म्हणायचे, आणि चार दिवसांत बॅग भरून तयार. मी त्या बंदुकीला माझी सावत्र बहीण म्हणायचे. नवऱ्याला हसू यायचं. मला यायचं नाही.

यंदा मात्र मी पदर खोचला होता. गेल्या उन्हाळ्यात आप्पा न्हाणीघरात घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण मला हे कळलं तीन दिवसांनी, आणि तेही चुलतभावाकडून. चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात मीटिंग रूमचं दार लावून मी हमसून हमसून रडले. मग तोंड धुतलं आणि लाँग टर्म व्हिजिट पासच्या मागे लागले. कागद गोळा करता करता दमछाक झाली, पण पास मिळाला. आप्पा आता कायमचे इथे राहणार, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

आणि ते रमलेही होते, अगदी शपथेवर सांगते. सकाळी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जाऊन "कोपी ओ कोसोंग" मागायचे, म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी, आणि ती चहासारखी बशीत ओतून प्यायचे. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीबरोबर एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, कुठे कुठे हिंडायचे. गाडीत वर्दीतले तरुण दिसले की तिला विचारायचे, "शिपाई हाईत न्हवं? मग बंदुका कुठायत?"

"आजोबा, त्या कॅम्पमध्येच ठेवतात. ट्रेनमध्ये कॅनॉट, ला." वाक्याच्या शेवटी इथला "ला" जोडायची तिला सवयच.

"झाकून पण न्हाई?"

एका रविवारी आम्ही सगळे पासिर रिसच्या पार्कात गेलो, तर झाडीच्या कडेला चक्क रानडुक्कर. पिलांसकट. लोक लांबून मजेत बघत होते आणि शेजारी पाटी लावलेली, की यांना खायला घालू नका. आप्पांना मी ती मराठीत करून सांगितली. ते इतके हसले की त्यांना बाकावर बसवावं लागलं. "आमच्याकडं डुकराला बंदूक लागती, हितं पाटीवर भागतंय," म्हणाले. मग हसू ओसरलं आणि बराच वेळ त्या डुकरांकडे बघत बसले. "काजूच्या कडंला अशीच येतात," एवढंच बोलले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण लेकीच्या ट्यूशनची वेळ झाली होती आणि मी घड्याळ बघत होते.

दोन महिने भरले. जेवताना आप्पा ताटाकडे बघत म्हणाले, "नोटीस आलीया. बंदूक जमा कराय लागती."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "जिला दहा वर्षांत खांद्याला लावली नाही, तिच्यासाठी एकटे जाऊन परत न्हाणीघरात पडणार?"

"सरकारी काम हाय."

"मग देऊन टाका की सरकारला. एकदाची कटकट संपू दे."

आप्पांनी आमटी-भात कालवला. "बघू," म्हणाले.

लेक मला म्हणाली, "आई, रिलॅक्स, ला." मग तिलाही दोन शब्द ऐकावे लागले.

मी काही त्या "बघू"वर थांबणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसखालच्या बाकावर बसून थेट आमच्या तालुक्याच्या ठाण्यात फोन लावला. मालक परदेशात असताना बंदूक कायमची सरकारजमा करायची तर काय कागद लागतात, ते विचारायला. एका हवालदाराने उचलला. मी गावाचं आणि आप्पांचं नाव सांगितल्यावर त्याचा आवाज एकदम घरचा झाला.

"ताई, त्यांची बंदूक कुठली आता? ती जमा होऊन चार वर्षं झाली की. काकू गेल्या, त्याच्या फुडल्या वर्षी सोता आणून दिली. परवानाबी रद्द करून घेतला."

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल.

"न्हाई ओ. मीच पावती लिवलीया. साहेबांनी इचारलं बी, वाडवडिलांची वस्तू, कशाला देताय? तर म्हणाले, लेकीकडं निघालोय सिंगापूरला, आता कायमचं. तिथं असलं चालत न्हाई."

मी आभार मानून फोन ठेवला. म्हणजे पहिल्यांदा माझ्याकडे आले तेच बंदूक देऊन आले होते. कायमचं राहायच्या तयारीने, मला एका शब्दाने न सांगता. आणि दोन महिन्यांत जीव गुदमरायला लागला, तेव्हा लेकीला "मला इथं करमत नाही" कसं म्हणायचं, म्हणून देऊन टाकलेल्या बंदुकीला त्यांनी कामाला लावलं. एकदा नाही, पाच वेळा. गावी गेल्यावर ते कपाट उघडून बघावं असं मला कधी सुचलंही नव्हतं.

आधी मला राग आला. खोटं बोललात, तेही मला. मग तो राग टिकेना. समोरून माणसं गळ्यात ऑफिसचे पास अडकवून जेवणाचे डबे घेऊन चालली होती आणि मी बाकावर बसून नाक पुसत होते. इतकी वर्षं मी ज्या बंदुकीला बोल लावत होते ती नव्हतीच. माझं सगळं बोलणं आप्पाच ऐकून घेत होते.

संध्याकाळी घरी आले तर आप्पा डायनिंग टेबलावर गवार निवडत बसले होते. मीही समोर बसून शेंगा मोडायला घेतल्या.

"आप्पा, तिकीट काढते," म्हटलं. "नोटीस आलीय ना."

त्यांनी मान वर केली नाही. "काढ. निवडणूक झाली की येतो परत."

"परतीचं काढत नाही. बंदुकीचं काम, किती दिवस चालेल कोण सांगणार."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "ठाण्यात फोन केलतीस?"

मी मान हलवली.

"तुला वाईट वाटलं असतं गं."

"वाटतंयच," मी म्हटलं. "पण सांगायचं तरी होतं. मी काय बांधून ठेवणार होते का तुम्हाला?"

"ठेवलं असतंस की," आप्पा म्हणाले.

पास काढायच्या आधी मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मग मी अटी घातल्या, कारण काहीतरी घालणं भाग होतं. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्यायची. फोन दिवसातून दोनदा उचलायचा. चुलतभावाकडे किल्ली द्यायची. प्रत्येकाला ते "बरं" म्हणत गेले, शाळेतल्या पोरासारखे निमूट.

"आणि आता सांगा, कशाला जायचंय ते."

"म्हाईत हाय की तुला."

"तुमच्या तोंडून सांगा."

आप्पांनी शेंगांच्या शिरा ताटलीच्या एका कडेला सारल्या, हात पुसले, आणि उगाच खिडकीकडे बघितलं.

"मला घरी जायाचंय," म्हणाले.

मी फोन उघडला. डोळ्यांना धड काही दिसत नव्हतं. कुठल्या तारखेचं काढू, विचारलं.

"उद्याचं मिळंल?" आप्पा म्हणाले.