गुरुजींचं आदर्श वाचन

माझी मायबोली मराठी, घरदार मराठी, आणि मला मराठी वाचता येत नव्हतं. बरं, मी कोण? मास्तर.

निजामाच्या राज्यात मी पहिलीपासून मिडलपर्यंत उर्दूत शिकलो. हिसाब उर्दूत, जुग्राफिया म्हणजे भूगोल, तोही उर्दूत, आईशी भांडण तेवढं मराठीत. त्या शिक्षणावर अंबडजवळच्या एका खेड्यात मास्तरकी मिळाली. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली आणि थोड्याच दिवसांत हुकूम आला की आता सगळं मराठीतून शिकवा. सोबत नवा अभ्यासक्रम आणि मराठी पुस्तकांचा गठ्ठा. गावानं गूळ वाटला, मीही खाल्ला. नंतर एकटाच शाळेत बसून पुस्तक उघडलं आणि तोंडचं पाणी पळालं. सुटी अक्षरं ओळखू यायची, जोडाक्षर आलं की मी रुतायचो.

शिकून घ्यायचं सोडून मी अब्रूचा विचार केला. मास्तरानंच कुणापुढं पाटी धरायची म्हणजे काय! झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात दोन-तीन घरांत पोथी वाचली जायची. त्या घरच्या पोरांना अक्षरं येत होती, त्यांना मी पुढं बसवलं. एकाला म्हणायचं, "तू वाच." तो वाचायचा, मी डोळे मिटून ऐकायचो आणि मग साऱ्या वर्गाला प्रश्न विचारायचो. ऐकलेलं ध्यानात ठेवण्यात मी पक्का होतो. मागं धनगरांची पोरं बसायची. त्यांना अक्षर कुणी दाखवलंच नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ती ऐकून ऐकून धडे घडाघडा म्हणायची आणि त्यांचे बाप खूश होऊन मला दूध आणून द्यायचे. मी ते दूध प्यायचो. आज आठवलं तरी घशाशी येतं.

एक दिवस तपासनीस आले. पुण्याकडचे, नवे, उत्साही. माझा वर्ग बघून ते हरखलेच. "वा गुरुजी! मुलानं करावं, शिक्षकानं पाहावं, नव्या अभ्यासक्रमाला नेमकं हेच हवंय. बाकीचे नुसतं स्वतःच बोलत बसतात. आता अंबडला तालुक्यातल्या शिक्षकांची सभा आहे, तिथं नमुना पाठ तुम्हीच द्यायचा."

दारात अर्धं गाव उभं होतं. कौतुक ऐकून पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. अशा वेळी नाही म्हणायला जी छाती लागते, ती माझ्याकडं नव्हती.

अंबडला वर्ग अनोळखी, भिंतीकडेनं तालुक्यातले सगळे मास्तर बसलेले. मी पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीला वाचायला लावलं. ती सुरेख वाचत होती. प्रश्न झाले, उत्तरं आली, साहेब मान डोलावत होते. सुटलो, असं मला वाटलं.

"उत्तम," साहेब म्हणाले. "पण आदर्श वाचन राहिलं की! एक उतारा तुमच्या तोंडून होऊ द्या."

पुस्तक हातात घेतलं. नुकत्याच ऐकलेल्या धड्याच्या पहिल्या दोन ओळी आठवणीवर निघाल्या. तिसरीला थांबलो. वर्ग वाट बघत होता. त्या मुलीला वाटलं, पोरं अडतात तसाच मीही अडलोय. तिनं हळूच शब्द सांगितला. मी तो म्हटला. पुढं परत अडलो, परत तिनं सांगितला. शेवटी ती उठून माझ्याजवळ आली आणि ओळीखाली बोट धरून उभी राहिली. ती म्हणेल ते मी म्हणत गेलो, उतारा संपेपर्यंत.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे मास्तर माना खाली घालून बसले होते. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुरे. बसा." भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं खरंच वाटलं.

बाहेर निंबाखाली एका वयस्क मास्तरानं मला गाठलं. "लाजू नका मास्तर. आमचं बी तेच हाय. निम्म्याच्या वर मास्तर उर्दूतच शिकेल हायती. मी तर अजून बोट ठिवून वाचून राह्यलो."

मला भरून आलं. आता हे म्हणतील, चला, मिळून शिकू. मी हो म्हणणार होतो, मनापासून.

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती तुमची रीत तेवढी बराबर सांगा. पुढच्या हप्त्यात साहेब माझ्या शाळेत येऊन राह्यले."

मी सांगितली. पोरं कशी निवडायची, कुठं बसवायची, आपण डोळे कधी मिटायचे, सगळं नीट समजावलं. एवढं मन लावून मी वर्गात कधी काही शिकवलं नव्हतं.

"अन् ज्यांना वाचायाच येत न्हाई, त्या पोरांचं मंग?" त्यांनी विचारलं.

"त्यांना मागं बसवा," मी म्हणालो. "ती ऐकून पाठ करतात."