नूडल्स म्हणजे शेवयाच

गारखेड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉफी-इडलीचं एक दुकान होतं. मालकाचे वडील निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतर कानडी मुलखातून इकडं आले आणि आयुष्यभर इडलीची गाडी लावून राहिले. मुलानं पुढं आमच्या वस्तीत गाळा घेतला, चार टेबलं टाकली. सगळी गल्ली त्याला अण्णा म्हणायची. त्याच्या कॉफीला नावं ठेवायला जागा नव्हती, पण मी तिथं जायचे ती नूडल्ससाठी.

त्या काळात शहरात जिकडं तिकडं चायनीजच्या गाड्या लागायला लागल्या होत्या. अण्णाला वाटलं, आपणच का मागं राहावं? पण त्याला फोडणी एकच येत होती. कढईत मोहरी तडतडायची, कढीपत्ता पडायचा, मग कोबी, गाजर, सिमला मिरची, वर नूडल्स आणि त्यावर काळं सोया सॉस. ताटलीत आलं की कडेला लिंबाची फोड. अस्सल चिनी माणसानं ते पाहिलं असतं तर कोपरापासून हात जोडले असते. आम्ही मात्र ताटली पुसून खायचो. पुढं मी मोठ्या हॉटेलांत, पांढऱ्या रुमालांच्या टेबलांवर नूडल्स खाल्ल्या, पण कढीपत्त्याशिवाय त्या मला आजही अर्ध्याच वाटतात.

माझं सासर दोन गल्ल्या सोडून होतं, त्यामुळं रविवारी संध्याकाळी आई, वडील आणि मी असा आमचा तिघांचा नेम होता. वडील वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पंख्याखालचं कोपऱ्यातलं टेबल त्यांनी जणू सातबाऱ्यावर चढवून घेतलं होतं. ते काट्याला नूडल्स गुंडाळत बसायचे आणि अर्ध्या वाटेत त्या घसरून सदऱ्यावर पडायच्या. आई सरळ हातानं खायची. ती खुलताबादकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, पाटावर केसासारखी बारीक शेवई ओढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पहिल्यांदा नूडल्सची ताटली समोर आली तेव्हा तिनं एक काडी उचलून उजेडात धरली होती आणि इतक्या जाड शेवया कुणी वळल्या, असं अण्णालाच विचारलं होतं. अण्णा हसला. तेव्हापासून तो तिला अक्का म्हणायला लागला. तिची ताटली तो स्वतः आणून ठेवायचा, लिंबाच्या दोन फोडी घालून.

माघात, थंडी सरता सरता वडील गेले.

आमच्याकडं दुखवट्याच्या वर्षात घरात शेवया होत नाहीत. पापड नाही, कुरडई नाही, शेवई तर नाहीच. ती सणाची, लग्नाकार्याची. त्या उन्हाळ्यात आईनं पाट माळ्यावरून काढलाच नाही. हे मला माहीत होतं, मान्यही होतं. पण काही महिन्यांनी एका रविवारी मी तिला म्हटलं, चल, अण्णाकडं जाऊन नूडल्स खाऊ, तर ती नको म्हणाली. शेवया चालत नाहीत. मी म्हटलं, अगं, त्या नूडल्स आहेत, कारखान्यात होतात, पुडक्यात येतात, त्यांचा आणि तुझ्या दुखवट्याचा काय संबंध?

"गव्हाच्याच हायेत ना? लांबच हायेत ना?" आई म्हणाली. "मग शेवयाच."

आता हिच्याशी कोण वाद घालणार? इतकी वर्षं जिनं त्या नूडल्सच्या जाडीला नाक मुरडलं, तीच आता त्यांना शेवयांच्या पंगतीत बसवत होती. कॉफीला तरी चल म्हटलं, तर म्हणाली, तिथं बसलं की वास येतो, आणि वास आला की मन होतं. मग मी थर्मासमधून कॉफी आणायला लागले. ती दोन घोट घ्यायची आणि ठेवून द्यायची. जेवण म्हणजे ओट्याशी उभ्यानं अर्धी भाकर आणि तिखट. चोळीच्या बाह्या सैल पडायला लागल्या. मला भीती वाटायची, ही अशीच हळूहळू उठून जाईल. तिला पुन्हा त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेलं बघायचं, एवढंच मला हवं होतं.

वर्षश्राद्ध झालं. मला वाटलं, सुटलो. मी आनंदानं म्हटलं, आता रविवारी जाऊ. आई कोथिंबीर निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं की दुखवटा असा आपोआप सुटत नाही. माहेरचं माणूस गोडाच्या शेवया आणि लुगडं घेऊन दारात यावं लागतं, त्यानं घास भरवल्यावर दुखवटा सुटतो.

तिला एकच भाऊ, तो वडिलांच्या आधीच गेलेला. त्याची मुलं शेत विकून पुण्याकडं गेली, येणंजाणं तुटलं. मी म्हटलं, शेवया मी करते, लुगडं मी आणते.

"लेकीच्या घरचं चालत नाय. भावाच्या घरून यावं लागतं."

"आणि भावाचं घरच राहिलं नसेल तर?"

"मग नाय यायचं," ती म्हणाली, आणि कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या करत राहिली.

तिच्या त्या शांतपणाचा मला इतका राग आला की मी पातेलं मोरीत आपटलं आणि चपला घालून बाहेर पडले. गेले ती थेट अण्णाच्या गल्ल्यासमोर. गिऱ्हाईक फारसं नव्हतं. मी सगळं त्याच्यापुढं ओकले: रीत, माहेर, मेलेला मामा, आईचा हट्ट. तो कॉफीचे पेले पुसत ऐकत होता. शेवटी त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. काय काय आणावं लागतं, आणि ते गोडच पाहिजे का. मी वैतागून म्हटलं, हो, शेवया पाहिजेत आणि गोड पाहिजे. कॉफी तशीच टाकून मी घरी आले.

रविवारी सकाळी मी आईकडंच होते. दार वाजलं. बाहेर अण्णा उभा. त्याला मी दुकानाबाहेर कधी पाहिलंच नव्हतं. इस्त्रीची पांढरी लुंगी, कपाळावर भस्म, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात घडी केलेलं इरकली लुगडं. लुगड्याचं त्याला बायकोनं सुचवलं असणार. रविवारी सकाळी म्हणजे त्याच्या इडलीला रांग लागायची. पण तो दुकानाला कुलूप घालून आला होता.

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "अक्का, माझी बहीण तिकडं गावाला, लांब. तुमचा भाऊ नाही. मैं लाया तो चलेगा क्या?"

आईनं त्याच्या हातातल्या डब्याकडं पाहिलं, मग लुगड्याकडं. नाही म्हणाली तर या माणसानं तोंड कुठं लपवायचं? मग ती उठली, आतून तांब्या भरून आणला आणि त्याच्या हातात दिला.

"पाय धुवा," ती म्हणाली. "भाऊ दारात उभा राहत नसतोय."

तिनं बसायला पाट मांडले. अण्णानं डबा उघडला आणि मी ओठ दाताखाली धरला. आत नूडल्स होत्या. नेहमीच्याच, कोबी, गाजर, कढीपत्ता, सोया सॉस. आणि वर मूठभर साखर. शेवया पाहिजेत, गोड पाहिजे, असं मीच सांगितलं होतं ना? गरम नूडल्सवर साखर अर्धी विरघळली होती, अर्धी तशीच चमकत होती. अण्णाचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता. त्यानं हातानंच एक घास उचलला आणि आईच्या तोंडाशी नेला. तिनं तो खाल्ला. मग डबाच ओढून घेतला आणि कढीपत्त्याच्या पानासकट सगळ्या नूडल्स संपवल्या. वडील गेल्यापासून तिला पोटभर खाताना मी पाहिलं नव्हतं. खाऊन झाल्यावर ती लुगडं मांडीवर घेऊन रडली, आणि वर्षभरात ती रडलीही नव्हती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मलाही आवरलं नाही.

डबा रिकामा परत करायचा नसतो. म्हणून तो फळीवर राहिला. चैत्र लागला तशी आईनं मला माळ्यावर चढवलं, पाट खाली काढायला लावला. गच्चीवर खाट टाकली. तिचा वर्षभराचा सराव तुटला होता, पण शेवई तशीच निघाली, फुंकर मारली तर उडेल अशी. वाळल्या तशा तिनं त्या अण्णाच्या डब्यात भरल्या, इरकली नेसली आणि रविवारी संध्याकाळी मला घेऊन स्वतः चालत दुकानात गेली. पंख्याखालच्या टेबलाशी बसली. वडिलांच्या खुर्चीवर तिनं पिशवी ठेवली.

अण्णाला इतका आनंद झाला की तो डबा घेऊन तडक आत गेला. आतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं त्यानं दोन ताटल्या आणून ठेवल्या. आईच्या केसासारख्या शेवया कोबी आणि सोया सॉसमध्ये शिजून काळपट लगदा झाल्या होत्या. तिचे कितीतरी दिवसांचे कष्ट. लिंबाच्या दोन फोडी मात्र न विसरता ठेवलेल्या. मी बोलायला तोंड उघडलंच होतं.

आईनं टेबलाखालून माझा हात दाबला.

"गपचिप खा," ती हळूच म्हणाली. "माहेरच्या ताटाला नावं ठिवू नयेत."