गुरुग्रामच्या वडाखाली

विमान दिल्लीला उतरलं तेव्हा माझ्या बॅगेत डझनभर आंबे आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली वडाची फांदी होती. धाकट्या बहिणीला, नंदाला, गुरुग्राममध्ये वटपौर्णिमेला वड कुठला मिळायला, म्हणून पुण्याच्या मंडईतून मुद्दाम घेतलेली.

टॅक्सीतून उतरताच लू (तिकडचा उन्हाळी गरम वारा) तोंडावर आली. नंदा सोसायटीच्या फाटकाबाहेरच होती, पाच-सहा बायकांबरोबर, चांगल्या डेरेदार वडाखाली! फाटक रुंद करायला तो तोडायचं ठरलं होतं, म्हणून या बायका पंधरवडाभर आळीपाळीनं तिथे बसत होत्या. हे सगळं ऐकायच्या आधीच मी कौतुकानं फांदी बाहेर काढली होती.

"अहो ताई," नंदाच्या शेजारच्या रत्नाताई म्हणाल्या, "आम्ही इथे एकेका फांदीसाठी उन्हात बसलोय, आणि तुम्ही तोडूनच आणलीत?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मग सगळ्या हसल्या आणि आंबे कापले गेले.

खोडाला आधीच सूत होतं. तिकडच्या बायकांचं हे व्रत अमावास्येला असतं. ते पाहून करवतवाले तेव्हा परत गेले होते. आज आपली पौर्णिमा. नंदा आणि मी फेरे घालू लागलो. रत्नाताई नागपूरच्या, बौद्ध. त्या सूत गुंडाळत नाहीत. बादलीनं बुंध्याला पाणी घालत होत्या.

दुपारी करवतवाल्यांचा टेम्पो आला. मुकादम वैतागला. "आज फिर व्रत? अमावस को हुआ था ना?"

"वो म्हारा था, यो इनका सै," बसलेल्यांतल्या तिथल्याच संतोषजी म्हणाल्या, म्हणजे ते आमचं, हे यांचं. (हरियाणात संतोष हे बाईचंही नाव असतं.)

"और कल?"

रत्नाताईंनी बादली ठेवली आणि खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "कल मेरा है. और मेरे में तिथि नहीं देखते."

मुकादम "कल देखेंगे" म्हणाला आणि टेम्पो वळवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझं परतीचं विमान. फाटकातून निघाले तर रत्नाताई मांडीवर डबा घेऊन वडाखाली हजर.

"ऑफिसला सुट्टी टाकलीय. चलो, जपून जा."

झाडं वाचवणाऱ्या बायकांचा धडा आम्हाला शाळेत होता, परीक्षेपुरता पाठ केलेला. त्या दिवशी फेरे घालताना मात्र सात जन्मांचं मागायचं राहूनच गेलं. मागितलं ते वडासाठी.

आता रोज संध्याकाळी नंदाला फोन करते. "कशी आहेस?" हे नंतर. आधी विचारते, "आज कोण बसलंय?" तिनं कुणाचंही नाव सांगितलं की समजायचं, वड उभा आहे.